लॅपटॉपची बॅटरी घरी बदलताना : मे २०२५, नागपूर

४ मे, रविवार

आधी लक्षणं लिहून ठेवते, नंतर त्यांत आपल्याच कल्पना मिसळतात.

मशीन २०१९ चं, चौदा इंची. माझं काम इतवारीतल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब ठेवायचं आणि त्यांची जीएसटीची विवरणं भरायचं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला घरात कोणी आजारी पडलं तर चालतं, लॅपटॉप पडलेला चालत नाही. सध्या चार्जर काढला की पाऊण तासही निघत नाही. त्यातही बॅटरीचा आकडा ३८ टक्क्यांवर असताना पडदा एकदम काळा होतो. ना सूचना, ना काही. परवा लाइन गेली आणि एका कापडवाल्याची अर्धी चढवलेली बिलं तशीच गेली.

दुसरी गोष्ट: टचपॅड डावीकडे कडक लागतोय. दाबला तरी क्लिक होत नाही, कधी न दाबताच होते. आधी वाटलं, कचरा अडकला असेल.

संध्याकाळी विंडोजचा बॅटरी अहवाल काढला. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट एवढं टाइप केलं की ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता ४१,०४० मिलीवॉट-तास, आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर मावते ती १८,३१०. निम्म्याहून कमी. पण चार्जिंगच्या फेऱ्या किती, तर फक्त २१४. अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर ऐंशी टक्क्यांवर येते असं धरतात. इथे तेवढ्या फेऱ्याही नाहीत आणि बॅटरी संपलेली. माझं मशीन बहुतेक वेळ चार्जरला लावलेलंच असतं, म्हणजे वापरून झिजली म्हणावं तर वापरच नाही.

अहवालाच्या खालच्या भागात क्षमतेचा इतिहास असतो, तारीखवार. तो बघत बसले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकडा जवळजवळ जागच्या जागी. मार्च संपला की घसरगुंडी, जुलैत पुन्हा थांबतो. पुढच्या वर्षी तेच. २०२२, २०२३, २०२४, दर उन्हाळ्यात एक पायरी खाली. बाबांना बोलावून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे हिला ऊन लागलं."

५ मे, सोमवार

टचपॅडचं कारण सापडलं. लॅपटॉप बंद करून ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला तर डोलतो. चारही रबरी पाय टेकत नाहीत. डोळा ओट्याच्या पातळीवर नेला तर खालचं झाकण मधोमध फुगलेलं दिसतं. बॅटरी फुगलीय, आणि ती खालून टचपॅडला ढकलतेय.

याने बेत बदलला. नवी बॅटरी येईपर्यंत जुनी आत राहू द्यायची असं ठरवलं होतं, ते आता नाही. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती आधी बाहेर काढायची आणि मधले दिवस नुसत्या चार्जरवर काम करायचं. माझं मॉडेल बॅटरीशिवाय चालू होतं; सगळीच होतात असं नाही, काही मॉडेलं चालतात पण वेग उतरवून.

सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. चार्जर काढून टाकला आणि आकडा वीस टक्क्यांपर्यंत उतरू दिला. बॅटरीत जितकी कमी ऊर्जा, तितका काही बिनसलं तर भडका लहान.

६ मे, मंगळवार

उघडलं. बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत फिटर होते, निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण पेचकस हातात घेतला की आवाज बदलतो. मी घेतलेला सेट पाहून म्हणाले, "हा नाई चालत. टोक गोल झालं याचं." स्वतःच्या पेटीतून बारीक फिलिप्स काढला, पीएच शून्य मापाचा. स्क्रूच्या डोक्यात टोक बसवून पेचकस आडवा धरला तरी स्क्रू सुटू नये, ही त्यांची परीक्षा. तशी बसली तरच फिरवायचं.

त्याआधी स्थिर विजेचा विचार. मेमध्ये इथली दुपारची हवा इतकी कोरडी की नायलॉनचा दुपट्टा काढताना चटचट होतं. ही चटचट लॅपटॉपच्या बोर्डाला चालत नाही. कूलर चालू ठेवला, पण टेबल त्याच्या झोतातून बाजूला घेतलं. हवेत दमटपणा हवा, तुषार नकोत. आणि काम सुरू करण्याआधी फ्रिजच्या उघड्या धातूला हात लावला, कारण त्याचं अर्थिंग नीट आहे हे बाबांनी स्वतः तपासलेलं आहे.

स्क्रूंसाठी बाबांनी संत्रा बर्फीच्या खोक्याचं झाकण घेतलं. त्यावर लॅपटॉपच्या पाठीचा आकार पेन्सिलने काढला, जिथे स्क्रू तिथे भोक पाडलं, आणि निघेल तो स्क्रू त्याच भोकात खोचला. याची गरज नंतर कळते: दहातले आठ स्क्रू आखूड, बिजागरीजवळचे दोन लांब. लांब स्क्रू आखूडाच्या जागी घातला तर तो वरच्या बाजूला कीबोर्डच्या प्लेटपर्यंत जातो, कधी बोर्डातच घुसतो. ते लांब दोन मागच्या रबरी पट्टीखाली लपलेले होते. पट्टी हळूच उचलली, गोंद शाबूत राहिला. पुढचे दोन बाहेर येतच नाहीत, नुसते सैल होतात. ते झाकणातच राहावेत म्हणून तसे केलेले असतात, ओढायचे नाहीत.

झाकण खाचांत अडकलेलं असतं. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड फटीत सरकवून बिजागरीच्या बाजूने सुरुवात केली. टक, टक, टक. धातूची पट्टी वापरू नका, कड चेपते आणि आत बॅटरीला लागली तर पुढचं काही सांगायला नको.

आत तीन सपाट थैल्या एका रांगेत, काळ्या वेष्टनात. कडेच्या दोन्ही ठीक, मधली फुलक्यासारखी टम्म. बाबांनी व्हर्निअर आणला (हा मोह त्यांना आवरणं शक्यच नव्हतं). जबडे वेष्टनाला जेमतेम टेकवून माप घेतलं: कडेला ५.९ मिलिमीटर, मध्ये ११.३.

आत जे होतं ते साधारण असं. लिथियम-आयन बॅटरीतला विद्राव हा सेंद्रिय द्रव असतो. जास्त उष्णता आणि जास्त व्होल्टेज असलं की तो इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीनसारखे वायू निघतात. जुन्या गोल सेलना लोखंडी डबा असायचा, त्यात हा दाब दिसत नसे. आताच्या पातळ थैलीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं मऊ वेष्टन असतं, ते फुगतं. फुगलेली थैली म्हणजे लगेच स्फोट नव्हे. पण आतले थर एकमेकांपासून सरकलेले असू शकतात, आणि त्यात बोट रुतवलं तर शॉर्ट होऊ शकतो.

सर्वात आधी कनेक्टर. रुंद, चपटा, आठ तारांचा. तारा धरून ओढायचं नाही. दोन्ही कडांना नखं लावून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून जरा जरा सरकवायचं, बोर्डाशी समांतर, वरच्या दिशेने नाही. निघाल्यावर पॉवरचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरलं, म्हणजे कपॅसिटरांत उरलेला चार्ज उतरतो. मग बॅटरीचे चार स्क्रू. माझ्या मशीनमध्ये गोंद नाही, सुदैव. ज्यांत चिकटपट्टीने बसवलेली असते तिथे फुगलेली बॅटरी काढणं हे वेगळं काम आहे आणि मी ते घरी केलं नसतं.

काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर इन्सुलेशन टेप. मग लोखंडी घमेल्यात कोरडी रेती, त्यात बॅटरी, वर आणखी रेती. घमेलं अंगणात कडुलिंबाच्या सावलीत, भिंतीपासून आणि कूलरच्या गवतापासून लांब. गच्चीवर ठेवायचं सुचवलं गेलं होतं, पण मेमधल्या नागपूरच्या गच्चीवर ही वस्तू ठेवणं म्हणजे तिला चूल दाखवणं. रेतीने ठिणग्या आणि ज्वाळा अडतात, आग आतून विझत नाही, कारण तापलेला कॅथोड स्वतःच ऑक्सिजन सोडतो. पेटलीच तर थंड करायला भरपूर पाणी लागतं, म्हणून बाजूला बादली भरून ठेवली. आईने विचारलं, घमेलं परत कधी मिळणार.

७ मे, बुधवार

नुसत्या चार्जरवर चालू. सुरू होताच घड्याळात १ जानेवारी २०१९, आणि जीएसटीचं पोर्टल म्हणालं की हे कनेक्शन सुरक्षित नाही. पोर्टलचा दोष नाही. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना तारखेची मुदत असते. मशीन २०१९ मध्ये बसलेलं असेल तर त्याला आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच वाटत नाही. तारीख दुरुस्त केली, उघडलं.

याचा अर्थ बोर्डावरची छोटी गोल बॅटरीही गेली. बंद मशीनचं घड्याळ ती चालवते. बाबांनी मल्टिमीटर लावला: २.३ व्होल्ट, नवी ३ च्या जरा वर दाखवते. सीआर २०३२ हा तिचा नंबरच तिचं माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. माझ्या मशीनमध्ये ती काळ्या आवरणात, दोन बारीक तारा आणि प्लग लावलेली आहे. तशीच तारवाली मागवावी लागेल, नुसता सेल आणून तारांना डाग (सोल्डर) द्यायचा नाही. सेलला डाग देणं म्हणजे त्याला भाजणं.

टेबल हलवून इन्व्हर्टरच्या सॉकेटजवळ आणलं. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं, कोणी बघत नाही. आमचं कायम नॉर्मलवर होतं. यूपीएसवर केलं की लाइन गेल्यावर बदल जास्त चपळ होतो आणि चार्जर तेवढा क्षण निभावून नेतो. मेन स्विच पाडून पाहिलं, लॅपटॉप बंद पडला नाही.

९ मे, शुक्रवार

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरले. बॅटरी शोधायची ती लॅपटॉपच्या मॉडेलवरून नाही, बॅटरीच्या लेबलवरच्या भाग-क्रमांकावरून. एकाच मॉडेलच्या मशीनमध्ये कंपनीने दोन वेगळ्या बॅटऱ्या घातलेल्या असतात. एकीचे स्क्रू दुसरीच्या भोकांवर येत नाहीत, तार दुसऱ्या बाजूने निघते. जुनीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये होता, त्यावर चाललं.

पहिल्या दुकानात फोटो न बघताच, "आहे ना ताई, या कंपनीची सगळी एकच." काढून दाखवली ती एकच नव्हती, कनेक्टर उलट्या बाजूला. "चालून जाते, तार वळवून घ्यायची." नमस्कार केला.

दुसरीकडे भाग-क्रमांक बरोबर, किंमत १,७५०, सहा महिन्यांची गॅरंटी. लेबल वाचत उभी राहिले. ११.४ व्होल्ट, ३,६०० मिलिॲम्पिअर-तास, आणि शेजारी ४८ वॉट-तास. हिशेबनीस असल्याचा फायदा असा की गुणाकार आपोआप होतो: ११.४ गुणिले ३.६ म्हणजे ४१.०४. माझ्या जुन्या लेबलवर नेमके ४१.०४ आहेत. ज्याने ४८ छापलं त्याला तीन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात हेच ठाऊक नव्हतं. मग आत त्याने काय भरलं असेल? ११.४ येतात कुठून तेही सोपं आहे: तीन सेल एकापुढे एक, प्रत्येकी ३.८ व्होल्ट. शेजारच्या डब्यात त्याच आकाराची "६,००० एमएएच"वाली होती, म्हणजे तेवढ्याच जागेत अडुसष्ट वॉट-तास. त्या थैलीत ते मावत नाहीत.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी: भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण हवी, आयएस १६०४६ आणि आर या अक्षरामागे आठ आकडे. तो आकडा ब्यूरोच्या ॲपमध्ये टाकला की कारखाना आणि ब्रँड समोर येतो. त्या १,७५० वालीवर आर होता, पुढे आकडे सातच.

अधिकृत सेवा केंद्राने बॅटरी नुसती द्यायला नकार दिला, आम्हीच बसवू, मशीन चार दिवस ठेवून जा. ११ तारीख तोंडावर आहे. शेवटी सुट्या भागांच्या एका वितरकाकडे मूळ भाग-क्रमांकाची मागणी नोंदवली, ३,९०० रुपये, तारवाल्या गोल सेलसकट. पोचायला वेळ लागेल, कारण सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालासारखी नेता येत नाही. येते ती रस्त्याने.

येताना तर्री पोहे. बर्डीवर जाऊन ते न खाणं बरं दिसत नाही.

११ मे, रविवार

आज बॅटरीचा विषय नाही. विवरणं भरली, दोनदा लाइन गेली, काम थांबलं नाही.

१६ मे, शुक्रवार

आली. खोक्यावर लाल पट्ट्यांच्या चौकटीचं लेबल, यूएन ३४८०. लिथियम-आयन बॅटरी सुटी पाठवली की हा क्रमांक लागतो, यंत्रात बसवलेली असली की ३४८१.

बसवण्याआधी तपासणी. वजनकाट्यावर जुनी १९६ ग्रॅम, नवी १९८. हलकी निघाली असती तर परतच केली असती. वॉट-तास ४१.०४, गुणाकार जुळतो. आरमागे आठ आकडे, ॲपमध्ये कारखाना दिसतो. निर्मिती या वर्षीची; वर्षानुवर्षं गोदामात पडलेली "नवी" बॅटरी नवी नसते, ती शेल्फवरही म्हातारी होते. कनेक्टरवर मल्टिमीटर लावून काही कळत नाही, बहुतेक बॅटऱ्यांचा आतला सर्किट लॅपटॉपने जागं केल्याशिवाय व्होल्टेज बाहेर देत नाही. शून्य आलं म्हणून बाबा खवळले होते, "मेलेली पाठवली वं यानं." तसं नाही, म्हटलं, थांबा.

झाकण उघडलंच आहे म्हणून पंखा. नागपूरच्या धुळीने जाळीच्या पंख्याकडच्या बाजूला राखी नमद्याचा थर बसला होता, चिमट्याने धरला तर एका तुकड्यात निघून आला. पाती एका बोटाने अडवून ब्रशने झाडली. पंखा वाऱ्याने गरगर फिरवायचा नाही, तो उलट वीज तयार करतो.

बॅटरी जागेवर, चार स्क्रू, मग गोल सेलचा प्लग, मग मोठा कनेक्टर शेवटी. कनेक्टर बसल्याची खूण म्हणजे दोन्ही कडा सारख्या आत गेलेल्या असतात, एक जरी वर असेल तर पुन्हा काढून बसवायचं. झाकण खाचांत दाबलं, बर्फीच्या खोक्यावरून स्क्रू एकेक आपल्या जागी. बाबा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवतात, आटे "टक्" करून जुळले की मग सुलटा. प्लास्टिकमधले आटे यानेच टिकतात. शेवटी आवळताना दोन बोटांची ताकद, मनगटाची नाही.

चालू केलं. २९ टक्के. दूरच्या प्रवासाला बॅटरी साधारण तीस टक्क्यांवर ठेवून पाठवतात, तेच हे. टचपॅड डावीकडे पहिल्यासारखा क्लिक करतो. ओट्यावर ठेवला, डोलत नाही. झालं. बसवण्याच्या कामाला अर्धा तासही लागला नाही, सगळा खटाटोप योग्य वस्तू हातात येईपर्यंतचा.

१८ मे, रविवार

नवीचा अहवाल: मूळ ४१,०४०, पूर्ण चार्ज ४१,०४०. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आले की समजायचं बॅटरीतल्या मापकाने अजून काही मोजलेलं नाही, तो कारखान्यात शिकवलेलंच बोलतोय. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह मोजून तो हिशेब ठेवतो. पण एकदा पूर्ण भरली आणि एकदा जवळजवळ रिकामी झाली याचा अनुभव त्याला हवा, तेव्हाच दोन टोकं ठरतात. म्हणून काल शंभरपर्यंत भरली, दोन तास तशीच ठेवली, मग जुनी विवरणं तपासत आठ टक्क्यांपर्यंत उतरवली आणि पुन्हा सलग भरली. आज आकडा ४१,६२०. नवी बॅटरी छापलेल्यापेक्षा किंचित जास्त दाखवते, त्यात खोट काही नाही.

हे दरमहा करायचा सल्ला बरेच लोक देतात. मला पटत नाही. अशी पूर्ण भर-उतार मापकासाठी असते, सेलसाठी ती झीजच आहे. आकडा भलतीकडे उड्या मारू लागला तर वर्षातून एखाद्या वेळी, बाकी नाही.

जुन्या बॅटरीत मात्र ३८ टक्क्यांवर पडदा काळा होत होता तो नुसता मापकाचा दोष नव्हे. म्हाताऱ्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, जरा जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि संरक्षक सर्किट सगळंच तोडतं. बाबांचं मत वेगळं. गेल्या वर्षी ३० मेला रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि हवामान खात्याने नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून घरातला कुठलाही मापक त्यांच्या लेखी आरोपी आहे. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा, तेवढा तब्येत बिघडवायला पुरेसा आहे.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. म्हणून हा विषय आजच निकाली काढते.

लिथियम-आयनला दोन गोष्टी मिळून म्हातारं करतात: उष्णता, आणि भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या की वायू होण्याची आणि विद्राव विघटनाची गती वाढते. बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारण शून्य ते ४५ अंश ही सेलच्या तपमानाची मर्यादा मानतात. आज दुपारी दोनला, कूलर चालू असताना, माझ्या टेबलापाशी ३६ अंश होते. त्यात लॅपटॉपची स्वतःची उष्णता. वर शंभर टक्क्यांवर चोवीस तास चार्जर. इतिहासाच्या त्या पायऱ्या इथेच तयार झाल्या.

उन्हाचं काही करता येत नाही, शंभर टक्क्यांचं येतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये चार्जिंगला मर्यादा घालायची सोय दिलेली असते, फक्त प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलंय. लेनोवोत ती कॉन्झर्व्हेशन मोड या नावाने सापडते, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेल आणि एचपीमध्ये बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) बॅटरी विभागात. माझी ऐंशीवर लावली. त्यामुळे लाइन गेल्यावर हाताशी मिळणारा वेळ पाचवा हिस्सा कमी होतो. इन्व्हर्टरवर टेबल आणल्यामुळे मला तो परवडतो. ज्यांचं काम दिवसभर बाहेर, चार्जरशिवाय, त्यांनी सकाळी शंभर भरून घ्यावी आणि वापरून टाकावी. भरून ठेवणं वाईट, भरून वापरणं नाही.

टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हटवलं. संध्याकाळी सहालाही ती भिंत हाताला चटका देते आणि वर्षानुवर्षं लॅपटॉपची पाठ तिलाच टेकलेली होती. रात्री काम संपलं की मशीन झोपवायचं नाही, बंद करायचं. आणि गाडीत ठेवायचं नाही, सदर बाजारातल्या पार्किंगमध्ये दहा मिनिटंसुद्धा.

२० तारखेचं लिहायचं राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी अवकाळी वादळ आलं, आमच्या भागात बराच वेळ लाइन नव्हती, इन्व्हर्टरनेही मान टाकली. शेवटची दोन विवरणं बॅटरीवर आणि मोबाइलच्या इंटरनेटवर भरली. संपली तेव्हा ३१ टक्के शिल्लक होते, आणि ते खरोखरचे ३१ होते.

३० मे, शुक्रवार

जुनीची विल्हेवाट. भंगारवाला दारावरून जातो, त्याने विचारलंही, "लॅपटॉपची आहे का? वीस रुपये." त्याला दिली असती तर ती लोखंडाच्या ढिगात, हातोडीखाली गेली असती. फुगलेल्या थैलीवर हातोडी म्हणजे त्याच्या हातावर आग. त्याला तसं सांगितलं, त्याने मान हलवली आणि पंचवीस म्हणाला.

कचऱ्याच्या गाडीतही टाकता येत नाही. केंद्राचे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत, त्यांनी २००१ चे जुने नियम बदलले. आधीचे शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते, नव्यांत लिथियमसकट सगळ्या प्रकारच्या येतात. वापरणाऱ्याने बॅटरी बाकी कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत ठिकाणी द्यायची, आणि ती परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची. फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र बॅटरीवर असतं ते याचसाठी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थांची यादी काढतं, त्यातल्या इथल्या एकाला फोन केला. "फुगलेली आहे" हे आधीच सांगितलं. तसं सांगावंच, त्यांना वेगळा डबा आणावा लागतो.

आज माणूस आला. रेतीतून काढली, टेप तपासली, त्याच्या भुश्शाच्या डब्यात ठेवली, वजन १९६ ग्रॅम लिहून पावती दिली. भुसा कसला, म्हणून बाबांनी चिमूटभर हातात घेऊन पाहिला. लाकडाचा नव्हता, न जळणारा खनिजाचा होता. मग चौकशी सुरू झाली. पुढे काय करता? आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग बंदिस्त यंत्रात दळतात, प्लास्टिक, तांबं आणि ॲल्युमिनियम वेगळं होतं आणि उरते ती काळी पूड, तिच्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम काढतात, असं तो म्हणाला.

"दळताना पेटत नाही काऊन?"

आत हवाच नसते काका, नायट्रोजन असतो.

बाबांनी विचारलं, बघायला येता येईल का. त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. बाबांनी त्याचा नंबर लिहून घेतलाय.